टेपवाल्याचं अर्धवट काम

टेपवाल्याचा चेहरा मुलुंडमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल, पण पाय सगळ्यांना ठाऊक होते. दिवसभर तो कुणाच्या ना कुणाच्या गाडीत उताणा पडलेला असायचा. डोकं डॅशबोर्डच्या पोटात आणि दोन्ही पावलं दाराबाहेर. येणारा-जाणारा त्या पावलांशीच बोलायचा. "काय टेपवाले, बरंय ना?" म्हटलं की उजव्या पायाचा अंगठा हलायचा, म्हणजे बरं आहे. दोन्ही पाय हलले की समजायचं, गिऱ्हाईक शेजारीच उभं आहे, मागाहून ये.

टेपवाला हे नाव पडलं तेव्हा गाड्यांत कॅसेटचे टेप बसत. मग सीडी आल्या, मागे जाताना गाणी म्हणणारे हॉर्न आले, सेंट्रल लॉक आले आणि शेवटी रस्ता सांगणारे पडदे आले. धंदा बदलत गेला, नाव तेच राहिलं. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. नाहूरहून चालत यायचा, चालत जायचा. अर्ध्या उपनगराला रस्ते दाखवायची यंत्रं याने बसवली आणि हा घर आणि दुकान सोडून कुठे जात नसे. मी एकदा डिवचलं, "वांद्रे कुठे आहे ते तरी माहीत आहे का रे तुला?" आतून आवाज आला, "माका कशाक व्हया? वांद्र्याक माझा कोण आसा?"

त्याचा एक कायदा होता. गाडी त्याच्या हातात दिली की चावी दुकानातल्या खिळ्यावर लटकायची आणि "काम झालं" असं तो स्वतः म्हणेपर्यंत कुणाच्या बापाला मिळायची नाही. एक सुटाबुटातले साहेब पत्नीला घेऊन लग्नाला निघाले होते. पडदा लागला होता, गाणी वाजत होती. साहेब म्हणाले, "द्या आता चावी." हा म्हणाला, "एक वायर उघडी हा. चावी खिळ्यावर आसा तवसर गाडी माझी." साहेबांनी आवाज चढवला. याने शांतपणे रिक्षा थांबवली आणि दोघांना आत बसवून दिलं. शिष्ट माणूस! गिऱ्हाइकं शिव्या घालत जायची आणि पुढच्या गाडीला पुन्हा त्याच्याकडेच यायची.

आता माझं सांगतो. माझं शिक्षण चौथी, तीही नीट नाही. पण आयुष्यभर एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली आहे. मुंबईचे रस्ते मला कुणी शिकवायचे नाहीत. निवृत्त झालो तेव्हा स्वतःची गाडी घेतली. मग एकदा पुतण्याच्या साखरपुड्याला बदलापूरला आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठत होती. माझी काही चूक नव्हती. तिथे नवा पूल झाला होता आणि तो मला विचारून बांधला नव्हता. पण माझा मुलगा संजय घरी आल्यावर म्हणाला, "बाबा, एक तर गाडीत पडदा बसवा, नाहीतर चावी माझ्याकडे द्या. तुम्हाला हवं तिथे मी नेईन."

चावी द्यायची म्हणजे काय, ते त्याला कळत नव्हतं. चावी खिशात आहे तोवर मी गाडीवाला. ती गेली की कोथिंबीर आणायला पाठवायचा म्हातारा. म्हणून गेलो टेपवाल्याकडे.

"दिसायला बसव," मी पावलांना म्हटलं. "चालला नाही तरी हरकत नाही."

पाय आत गेले आणि त्यांच्या जागी डोकं बाहेर आलं. "मी दाखवण्यापुरता काम करत नाय. तमाशा हा काय ह्यो?"

त्याने मन लावून काम केलं. एक वायर बॅटरीकडून, एक चावीकडून, एक हँडब्रेककडून. सगळं बसलं, राहिली फक्त अँटेना. काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्या डोक्यावर उघडी काच लागते, म्हणजे तिला आकाश दिसतं आणि आपण कुठे आहोत ते कळतं. माझ्या गाडीत नेमक्या त्या जागी पितळी मखरातला गणपती होता. गाडी घेतली त्या दिवशी आमच्या हिने पूजा करून बसवलेला. टेपवाल्याने गणपतीला नमस्कार केला आणि डबी मखराच्या खाली सरकवली. म्हणाला, "देवाच्या पायाशी हा. हिका रस्तो गावल्याशिवाय ऱ्हवाचो नाय."

रविवारी टेपवाल्याने ट्रायलपुरती चावी दिली आणि संजय बाजूला बसला. मुलुंड चेकनाक्यापर्यंत गेलो. पडद्यावर आमची गाडी खाडीत होती. थोडं पुढे गेलो, गाडी मिठागरात. पडद्यातली बाई सारखी मागे वळा, मागे वळा म्हणत होती.

"बाबा, आपण बुडालो," संजय म्हणाला.

दुकानात परत आलो. संजयला कारण लगेच कळलं. "काका, वर पितळ आहे, सिग्नल कसा मिळणार? गणपती चार बोटं सरकवा ना."

"देव हलवूचो नाय," टेपवाला म्हणाला.

"नाहीच हलवायचा," मी म्हटलं.

"मग पडदा चालणार नाही. म्हणजे चावी माझ्याकडे. असंच ठरलं होतं ना बाबा?"

मी खिशात हात घालून उभा राहिलो. टेपवाल्याने माझ्यापुढे तळवा धरला, चावी घेतली आणि खिळ्याला लटकवली. "तुका कशी मिळतली? काम खंय झालाहा अजून?"

संजय शिकलेला आहे, पण त्या खिळ्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी दुकानात जायचो आणि आम्ही दोघं ट्रायलला निघायचो. गाडी मी चालवायचो, तो डाव्या सीटवर. काम चालू होतं ना! ऐरोलीला गेलो, पार्ल्याला गेलो. एकदा वांद्र्यालाही नेला. त्याने खिडकीतून सगळं पाहिलं आणि निकाल दिला, "बरा आसा. पण आपल्या मुलुंडात वारो जास्त." आम्ही विक्रोळीत असलो की पडद्यातली बाई आम्हाला होडीत बसवायची. मी तिच्यावर खेकसलो तर हा म्हणायचा, "चुकता ती, पण आवाज चढवणा नाय. तेवढो गुण घे तिचो." तो सबंध रस्ता उजवा हात हँडब्रेकवर ठेवून बसायचा. मला वाटायचं, गाडीत बसायची सवय नाही, म्हणून धरायला काहीतरी लागतं बिचाऱ्याला.

दर रविवारी संजय विचारायचा, "काका, झालं का?"

"एक वायर ऱ्हवली हा," उत्तर ठरलेलं.

असं बरेच महिने चाललं. मग एके सकाळी घाटकोपरच्या बाजारात गाडीला एकदम हिसका बसला आणि ती जागच्या जागी थांबली. टेपवाल्याने हँडब्रेक ओढला होता. डाव्या बाजूला, बंपरपासून वीतभर अंतरावर, एक कोळीण उभी होती. पाटी खाली पडली होती आणि बोंबील रस्त्यावर पसरले होते.

"डोळे घरी ठेवून आलायस काय रे म्हाताऱ्या? एवढी बाई दिसत नाय तुला?"

"फूटपाथवरून चाल की!" मी म्हटलं.

"तिकडं तुझ्यासारख्यांच्या गाड्या उभ्या हायेत! डोक्यावरनं चालू काय?"

टेपवाला खाली उतरला. एकेक बोंबील उचलून त्याने पाटीत घातला, तिला हात जोडले आणि परत येऊन बसला. ती अचानक आली, असं मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने उजवा हात पुन्हा हँडब्रेकवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुकानात गेलो तर संजय माझ्या आधी येऊन उभा. टेपवाल्याने कपाटातून एक लांब वायर काढली, सीटच्या कडेकडेने मागे नेली आणि अँटेना मागच्या काचेला चिकटवली. देव जागचा हलला नाही. पडद्यावर आमची गाडी बरोबर त्याच्या दुकानासमोर उभी दिसली.

"हे पहिल्या दिवशी सुचलं नव्हतं तुला?" मी विचारलं.

"सुचलेला."

मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काम झालं." खिळ्यावरची चावी काढली आणि संजयच्या हातात दिली. "डाव्या बाजूचा दिसणा नाय त्याका," एवढंच संजयला सांगितलं.

मला दिसतं. डॉक्टरकडे जायची मला गरज वाटलेली नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानावरून जाणं सोडून दिलं.

पुढे नव्या गाड्या कंपनीतूनच पडदे घेऊन यायला लागल्या आणि टेपवाल्याने शटर कायमचं ओढलं. गावी निघाला तेव्हा निरोप घ्यायला घरी आला. आमच्या हिने चहा दिला. मी पेपर वाचत बसलो होतो. पेपर खाली न करता म्हटलं, "फितूर झालास मेल्या. इतके महिने सांभाळलंस आणि शेवटी पोराच्या हातात चावी दिलीस. माझ्या गाडी चालवण्यावर तुझा विश्वास नव्हता, हेच खरं."

त्याने चहा संपवला. कप स्वतः आत नेऊन ठेवला. दाराशी चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाला, "विश्वास नव्हतो, होय. तरी रोज बाजूक बसत होतंय मी. तुझ्या घरातला कोण बसला असता?"

गावी गेल्यावर तो फार दिवस जगला नाही. बातमी संजयने सांगितली. आता संजय गाडी काढतो तेव्हा मी डाव्या सीटवर बसतो आणि सबंध रस्ता उजवा हात हँडब्रेकवर ठेवतो. धरायला काहीतरी लागतं.