कारखानीस सरांचा संशय

आमच्या पेणच्या घरी कारखानीस सर पहिल्यांदा आले, तेव्हा आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. सरांनी कप उचलला, नाकाशी नेला आणि परत बशीत ठेवला. मग अगदी सौम्यपणे विचारलं, "या कपात कधी टर्पेंटाइन होतं का?" आईचा चेहराच उतरला. पाहुण्याने घरच्या कपाचा वास घ्यावा, हे तिच्या कल्पनेपलीकडचं होतं. वडील मात्र मान खाली घालून हसायला लागले. ते गणपतीच्या मूर्ती रंगवत. मागे कधीतरी वाटी सापडेना म्हणून त्यांनी याच कपात ब्रश बुडवून ठेवला होता, आणि मग राखेने घासून कप गुपचूप फडताळात परत. सरांनी दुसऱ्या कपातून चहा घेतला. तोही वास घेऊनच.

सर मूळचे रोह्याचे. घरची भातशेती होती, ती कुळांकडे गेली. मुलं शिकली आणि गावोगाव पांगली. सर मुंबईला जाऊन सेंद्रिय रसायनशास्त्र शिकले आणि पुढे विद्यापीठातच शिकवायला लागले. मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला गेले तेव्हा विभागातल्या लोकांनी मला आधीच सावध केलं होतं. हा माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही, असं ते सांगत. ते खरंच होतं. बाटलीवरचं लेबल, तराजू, आमची निरीक्षणं, स्वतःची निरीक्षणं, सगळ्यांकडे ते सारख्याच संशयाने बघत. "आधी भांडं तपासा, मग भांड्यातलं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

त्या वाक्याची किंमत मी पुढे पाहिली. एका रानवेलीच्या मुळ्यांतून सरांच्या आधीच्या विद्यार्थ्याने एक तेलकट, फिकट पदार्थ वेगळा काढला होता. तो नवाच आहे, असा लेख सरांच्या नावानिशी छापूनही आला होता. विभागात पेढे वाटले गेले होते. तेच काम मला पुढे न्यायचं होतं. मलाही तो पदार्थ मिळाला. मी आनंदाने सांगायला गेले, तर सर म्हणाले, "आता मुळ्या न घालता सगळी कृती पुन्हा कर."

मला ते विचित्रच वाटलं, पण केलं. मुळ्या नसतानाही तोच तेलकट पदार्थ निघाला. आमचं द्रावण ज्या प्लास्टिकच्या नळीतून जायचं, त्या नळीतूनच तो झिरपत होता. सरांनी त्याच दिवशी लेख मागे घ्यायचं ठरवलं. सहकारी म्हणाले, कुणाला कळणार आहे, गप्प बसा. सर बसले नाहीत. विभागप्रमुखपद त्या वर्षी त्यांच्याकडे यायचं होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. त्याबद्दल ते एकदाच बोलले. "नळी खोटं बोलत नव्हती. मीच तिला विचारलं नव्हतं."

निवृत्तीनंतर ते रोह्याला धाकट्या बहिणीकडे, कुसुमताईंकडे राहायला आले. मी तोवर पेणच्या महाविद्यालयात शिकवायला लागले होते. रोह्याच्या आसपास तेव्हा रसायनांचे कारखाने वाढत होते. निडी स्टेशनापलीकडच्या एका वाडीत माणसं आजारी पडायला लागली. मुलांना उलट्या होत, बायांची डोकी दुखत, पाण्याला औषधासारखा वास येई. विहिरीत शेजारच्या कंपनीचं सांडपाणी उतरलंय, याबद्दल वाडीत कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

अशात कंपनीची गाडी सरांच्या दारात उभी राहिलेली लोकांनी पाहिली. सर त्या गाडीत बसून आत गेले, हेही पाहिलं. बातमी पेणच्या एसटी स्टँडपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. म्हातारा विकला गेला, असं लोक बोलायला लागले. ज्या माणसाने एका नळीपायी मोठं पद गमावलं, त्याच्याबद्दल हे ऐकून मला राग यायला हवा होता. आली ती शंका. मी पहिली गाडी पकडून रोह्याला गेले आणि सरांना सरळ विचारलं की, तुम्ही त्यांना काही लिहून दिलंय का.

"विचारलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "विहीर स्वच्छ आहे असं त्यांना माझ्याकडून हवंय. मी दिलेलं नाही. गाडीत बसलो, कारण आतलं बघायला दुसरा रस्ता नव्हता." मग चपला घालत म्हणाले, "चल, आता वाडीतलं बघू."

वाडीत आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. आनंदीबाई नावाची एक वयस्क बाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिचा नातू सगळ्यात जास्त आजारी होता. ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "याच्या नावातच कारखाना हाय गो. हा कंपनीचा नाय तर कोनाचा?"

सरांनी ते ऐकलं. काचेच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरलं, वास घेतला, मला दिलं. पाण्याला वास नव्हता. मग त्यांनी आनंदीबाईकडे प्यायला पाणी मागितलं. तिने तांब्या आणला. त्या पाण्याचा वास मला हातभरावरून आला. पाणी ओटीवरच्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधलं होतं. सर ड्रममध्ये डोकं घालून उभे राहिले ते बराच वेळ. तसे ड्रम वाडीत जवळजवळ घरोघरी होते. कंपनीच्या भंगारातून कंत्राटदाराने आणून स्वस्तात विकलेले, लेबलं खरवडून काढलेले.

सरांनी दोन्हीकडचं पाणी माझ्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं. विहीर स्वच्छ निघाली, ड्रममधल्या पाण्यात कंपनीतलं रसायन होतं. तरी त्यांना तेवढं पुरेना. ते पुन्हा वाडीत गेले. सगळ्यांसमोर विहिरीचं पाणी शेंदलं, अर्धं नव्या मडक्यात आणि अर्धं रिकाम्या ड्रममध्ये ओतलं. दोन्ही दिवसभर देवळापुढे उन्हात ठेवली आणि संध्याकाळी प्रत्येकाला वास घ्यायला लावला.

लोकांनी वास घेतला, पण चेहरे सैल झाले नाहीत. विहीर साफ म्हणतो, म्हणजे कंपनीचंच बोलतो, असं दोघेतिघे म्हणाले. दुसरीकडे कंपनीचा मॅनेजर खूश झाला, मग सरांनी लिहिलेला अहवाल वाचून भडकला. विहीर स्वच्छ आहे या वाक्याच्या खालीच सरांनी लिहिलं होतं की, विषारी ड्रम न धुता बाहेर जाऊ देणं हा कंपनीचा दोष आहे. मॅनेजर म्हणाला, पहिलं वाक्य ठेवा, दुसरं काढा. वाडीचे पुढारी म्हणाले, दुसरं ठेवा, पहिलं काढा. सरांनी दोघांनाही नाही म्हटलं.

निकाल लावला आनंदीबाईने. तिने सरांवर विश्वास ठेवला नाही, पण नातवाला मडक्यातलं पाणी द्यायला सुरुवात केली. पोराच्या उलट्या थांबल्या. तेव्हा तिने ड्रम गडगडवत रस्त्यावर आणला आणि कोयत्याने फोडला. मग एकेक करत वाडीतले सगळे ड्रम बाहेर आले. कंपनीने गाजावाजा न करता ते उचलून नेले. आभार मानायला कुणी आलं नाही. सरांना त्याचं काही वाटलं नसावं. ते दरवर्षी त्या विहिरीचं पाणी न्यायला जात राहिले, आणि हा अजून कसली पाळत ठेवतोय म्हणून वाडी त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिली. मी एकदा त्यांना म्हटलं की, विहीर स्वच्छ आहे हे आपण सिद्ध केलंय. ते म्हणाले, "त्या दिवशीची. आजची कुठे केलीय?"

पुढे काही वर्षांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. एकाच बाटलीतलं पाणी त्यांनी दोनदा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा वेगळी उत्तरं आली होती. पहिल्यांदा तपासल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. "उपकरणं ठीक आहेत," ते शांतपणे म्हणाले. "बिघडलोय तो मी. यापुढे मी काही सांगितलं तर पडताळल्याशिवाय मानू नकोस." विहिरीचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं ते त्यानंतर.

शेवटची भेट झाली तेव्हा ते पलंगावर उठून बसले होते. कुसुमताईंनी माझं नाव सांगितलं. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं. मी त्यांची विद्यार्थिनी, असं मी सांगितलं. "असं कुणीही सांगेल," ते म्हणाले.

मी उठायला लागले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दोन पांढऱ्या भुकट्या आहेत. दोन्ही एकाच तापमानाला वितळतात. पदार्थ एकच आहे की दोन, कसं ठरवशील?"

"दोन्ही थोड्या थोड्या एकत्र खलून तापवीन, सर. मिश्रणही तिथेच वितळलं तर पदार्थ एक. आधीच वितळायला लागलं तर दोन."

ते पलंगावर जरा बाजूला सरकले.

"मग माझीच विद्यार्थिनी आहेस," ते म्हणाले. "बस."