बिट टिकलं तर

विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणत, अगदी प्राध्यापकसुद्धा. ग्रॅनाइटचा ठोकळा यंत्राखाली आवळायचा, त्यावर बिट फिरवायचं आणि त्याचे दात किती झिजले ते भिंगाखाली बघायचं, हे तिचं काम. बिट म्हणजे विहीर खोदणाऱ्या पाइपांच्या टोकाचं दातेरी पातं. जमिनीच्या पोटातली उष्णता वर आणून वीज करायची होती, पण तिथला तापलेला खडक बिटाला दाद देत नव्हता.

अशी एक विहीर डोंगरांपलीकडे खोदली जात होती, आणि तिचा नवरा तिथंच ड्रिलर, म्हणजे खोदयंत्र चालवणारा, होता. बिट बोथट झालं की खोलवर गेलेले सगळे पाइप एकेक करून वर काढायचे, नवं बिट लावायचं, पुन्हा खाली सोडायचे. विहीर लांबली की त्याची रजाही पुढे ढकलली जाई. म्हणून झिजलेला प्रत्येक दात तिच्या जिव्हारी लागे.

"आई, बाबांपेक्षा त्या दगडांबद्दलच जास्त बोलतेस तू," लेक चिडवायची.

"दगड निदान समोर असतात."

यंत्रांच्या घरघराटात राहून नवऱ्याला फोनवरही ओरडून बोलायची सवय लागली होती. "जेवलीस का?" हे शेजाऱ्यांनाही ऐकू जाई. फोन ठेवला की घर एकदम मोठं होई.

प्राध्यापकांनी आणि विहीर खोदणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरबाईंनी दातांचा कोन बदलून पाहिला, बिट थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा रुंद केल्या. कितीतरी बिटं वाया गेली. एका दुपारी मात्र बिट ठोकळ्याच्या आरपार गेलं आणि दात जवळपास जसेच्या तसे! प्राध्यापक नुसते चष्मा पुसत राहिले. वहिनींना डोळ्यांसमोर घराच्या दारात टेकवलेली नवऱ्याची बॅग दिसायला लागली.

बिट विहिरीवर गेलं आणि टिकलं. विहीर वेळेआधीच पुरी झाली.

"तुमच्या बिटानं कमाल केली गं!" तो फोनवर ओरडला.

"मग कधी येताय?"

"काम लवकर होतंय म्हणून कंपनीला आणखी विहिरी मिळाल्यात. आम्हाला इथूनच पुढे निघायचंय."

हसावं की रडावं, तिला कळेना. स्वतःच्या हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला होता तिनं.

दुसऱ्या दिवशी ती प्राध्यापकांसमोर उभी राहिली. "सर, नव्या जागेवर बिट तपासायला कुणी लागेल ना?"

"पत्र्याच्या खोल्या, धूळ, रात्रंदिवस आवाज. राहाल तुम्ही?"

"आमचा माणूस राहतोच की तिथं."

आठवड्यापुरतं जायचं ठरलं. ती पोचली तेव्हा तो काचेच्या केबिनमध्ये होता. फोनमध्ये दिसायचा त्याहून केस बरेच पांढरे झालेले. त्यानं हात वर केला, लगेच पुन्हा यंत्राच्या दांड्यावर ठेवला. पाळी संपल्यावर दोघं कँटीनमध्ये जेवायला बसली. घास हातात असतानाच तो पेंगायला लागला.

तिला कितीतरी बोलायचं होतं. तिनं त्याचं ताट हळूच बाजूला सरकवलं आणि तो जागा होईपर्यंत शेजारी बसून राहिली.