मामांची कोरडी दारू

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी दारूची जेवढी चिंता वाहिली, तेवढी अख्ख्या पारोळा तालुक्यात कोणी वाहिली नसेल. आणि मामा तर तुळशीची माळ घातलेले माळकरी. खोकल्याचे औषधसुद्धा आधी हुंगून मग नको म्हणणारे. त्यांची दारू म्हणजे ठासणीच्या बंदुकीची. रानडुकरांपासून भुईमूग राखायला ही बंदूक परवान्यावर मिळाली होती; तिने एखादे डुक्कर मारल्याचे मी पाहिलेले नाही, आणि न पाहिलेले मी लिहीत नाही. तिचे खरे काम गावच्या यात्रेत. मामांनी आभाळाकडे बार काढायचा आणि त्या आवाजावर भगताने बारागाड्या ओढायच्या, म्हणजे एकामागे एक जुंपलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा बैलगाड्या. हा मान मामांच्या घराण्याचा. एका वर्षी बार फुसका गेला, भगत अर्धा वाकून तसाच राहिला, आणि पंचांनी मामांना बजावले, "आबा, आते परत असं व्हयनं, तं मान पोलीस पाटीलनी काडतुसनी बंदूकले."

पुढच्या यात्रेपर्यंत मामांनी दारूबरोबर घरालाही वाळवून काढले. घराच्या मातीच्या धाब्यावर उन्हात एका खाटेवर मामींचे ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, दुसरीवर मामांची दारू. गल्लीत बिडी बंद. पाहुण्यांनी तंबाखूवर भागवावे. मामी म्हणत, "मन्या बिबड्या निदान कावळा तरी खातस. तुमनी दारूले कावळा बी तोंड लावत नही."

एवढ्यावर समाधान नाही म्हणून नवी दारू आणि टोप्या घ्यायला मामा मला धुळ्याला घेऊन गेले. बंदुकीचा घोडा जिच्यावर आपटतो आणि जिची ठिणगी आतली दारू पेटवते, ती तांब्याची इवलीशी टोपी. ती जिच्यावर बसते ती नळीच मामांनी बंदुकीतून काढून खिशात आणली होती. दुकानातली एकेक टोपी तिच्यावर चढवून ते हलवून बघू लागले. सैल असली तर पडते. घट्ट असली तर घोड्याचा पहिला तडाखा ती बसवण्यातच जातो. दुकानदार शेठजी टेकीला आले.

"आबा, एवढं बघून तर आम्ही पोरगीसुद्धा देत नाही."

"पोरगी नांदनी नही तं माहेर परत येस, शेठ. मान गया तं परत येत नही."

दारूही जाड दाण्याची नको, बारीक दाण्याची हवी; तीही तळहातावर चोळून. बोटाला काळे लागले की भुकटी समजून परत. शेवटी स्टँडवर मला बाकावर बसवून मामा गाडीची चौकशी करायला गेले आणि खिडकीपाशी पोचल्यावर तिथून ओरडले, "जावईबापू, दारू मांडीवर ल्या, खाले ओल शे!" माझ्या शेजारी हवालदार बसला होता. त्याने पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग दूरवर मामांच्या माळेकडे पाहिले. मला पिशवीतून मामांचा बंदुकीचा परवाना काढून दाखवावा लागला.

यात्रेच्या सकाळी मात्र मामांचे प्रेम उतू गेले. पोळ्याच्या बैलासारखी त्यांनी बंदूक तेलाने न्हाऊ घातली आणि मग ठासली. गाड्या भरल्या, भगत वाकला, मामांनी चाप ओढला. टक! टोपी वाजली, बार नाही.

"आबानी दारू उतरी गई!" गर्दीतून कोणीतरी ओरडले, आणि बारा गाड्या हसल्या.

मामांनी बंदूक खाली घेतली नाही. "थांबा," ते म्हणाले, "उशिरानं बी निंघस." यात्रा श्वास धरून थांबली. पोलीस पाटील आपली काडतुसे चाचपू लागले. तेवढ्यात मामी गर्दीतून वाट काढत आल्या आणि अंबाड्यातला आकडा उपसून त्यांनी मामांपुढे धरला. मामांनी नळीच्या भोकातले तेल टोकरून काढले, बारीक दारूचे दाणे आत सोडले, नवी टोपी चढवली. या वेळी असा बार निघाला की भगत आवाजाच्या आधीच निघाल्यासारखा वाटला.

पुढे काही वर्षांनी त्या टोप्या येणेच बंद झाले. धुळ्याच्या शेठजींनी हात जोडले. पंचांनी मान मामांचाच ठेवला, बंदूक तेवढी पोलीस पाटलांची. त्या यात्रेत मामांनी तिचा चाप ओढला आणि ओढताक्षणी बार निघाला. गाड्या धडधडत गेल्या, त्यांच्यामागे लोकही गेले. मामा बंदूक आभाळाकडे धरून उभेच होते. पाटलांनी ती हळूच त्यांच्या हातातून घेतली.

"कशी शे, आबा?"

"चांगली शे," मामा म्हणाले. "पण वाट पाहाले लावत नही."