आत्याच्या कोपराएवढा ओटा

वडशाच्या स्टेशनात छोटी गाडी उभी होती आणि माझी माय गडव्यात पेज घेऊन धावत आली. लग्न होऊन मी नवऱ्याकडे चांद्याला निघाले होते, तेही सकाळच्या गडबडीत न जेवता. "सारी पी. चांद्याले कोन देणार हाय तुले पेज?" मी उभ्यानंच गडवा तोंडाला लावला तर तिनं खांदा दाबून मला सामानावर बसवलं. अन्न बसूनच घ्यायचं, हा तिचा नियम. गाडी सुटेस्तोवर ती रिकामा गडवा पदरानं पुसत होती.

गावी राहिलेल्या वहिनीला आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींना हे सांगावंसं वाटतं, की तोवर मी उभ्याचा स्वयंपाक पाहिलाच नव्हता. तलावावर मासे धरणारं आमचं घर. चूल भुईवर, तांदळाच्या पेजेचं मडकं दारापाशी, सुक्या मासोळ्यांची टोपली चुलीच्या धुरात टांगलेली. सगळं बसलेल्या बाईच्या हाताशी. चहा फक्त ताप आल्यावर, गूळ-आलं घातलेला, काळा.

चांद्याजवळच्या कोळसा खाणीत हे कामाला होते. क्वार्टरला एक खोली आणि मागं पडवी. पहिल्याच दिवशी मी पडवीत भुईवर चूल घातली, पण ती फार दिवस टिकली नाही. खाणीत उतरणाऱ्या माणसाला पेज कशी बांधून देणार? डबा आला, डब्यासाठी पोळी आली. गव्हाचं पीठ मळायला मी शेजारणीकडून शिकले. माझी पहिली पोळी यांनी चिवटपणे चावून खाल्ली आणि "बरी हाय" म्हणाले. लाकूड मिळेना, कोळसा मात्र भरपूर, म्हणून शेगडी आली. आणि चहा! पाळी सुटल्याचा भोंगा झाला की यांच्यासोबत तीन-चार जण कोळशानं काळ्या झालेल्या तोंडानं दारात येऊन बसत. त्या एका चहासाठी मी दहादा उठायची नि दहादा बसायची. हसत-बोलत करायची, त्या माणसांची सोबत मला आवडायची.

मग सासरे वारले आणि हे आईला घेऊन आले. सासूला मी आत्या म्हणायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत वीस माणसांचा भात एकटीनं उतरवणारी बाई. पण गुडघे गेले होते. चुलीपुढं बसली तर आम्ही दोघं मिळून तिला उठवायचो. ती भिंतीला टेकून माझे हात बघत राहायची. आठव्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं.

"मले वडशाच्या गाडीत बसवून दे, पोरी."

"काऊन, आत्या? काई चुकलं का माहं?"

"तुहं नाई चुकलं. हाताले काम नाई त मानसानं कायले खावं?"

गावी एकटा धाकटा दीर, तोही दिवसभर शेतावर. मी तिला कसंबसं रविवारपर्यंत थांबवलं. एका साहेबाच्या बंगल्यात मी विटांचा ओटा पाहिला होता, त्यावर शेगडी ठेवून त्यांची बाई उभ्यानं रांधायची. मी सुतळी घेतली, आत्याला दारात उभं केलं आणि चोळीचं माप म्हणून भुईपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं. "एवढी लांब चोळी?" ती म्हणाली. मला हसू आवरेना.

मुकादमाला विचारून यांनी पडक्या भिंतीच्या विटा आणल्या. रविवारी चहावाली सगळी मंडळी चिखल तुडवायला हजर. ओट्याखाली कोळशाला खण ठेवला, बाजूला चहा-साखरेच्या डब्यांना कोनाडा केला, भिंतीच्या वरच्या दोन विटा काढून धुराला वाट दिली. वर मी शेणानं सारवलं. आत्या तोंड फिरवून बसली होती.

"उभ्यानं रांधतेत का व कोनी? अन्नाचा मान हाय का नाई?"

दोन दिवस ओटा वाळला. तिसऱ्या दिवशी नळावर गर्दी होती, मला उशीर झाला आणि भोंगा वाजला. भरल्या घागरी घेऊन धापा टाकत आले तर अंगणात माणसं बसलेली आणि आत आत्या उभी! एक कोपर ओट्यावर टेकलेलं, दुसऱ्या हातानं पातेलं ढवळत होती. तिला चहा एकच ठाऊक, तापातला. आलं ठेचून, गूळ घालून तोच केला होता.

एकानं घोट घेतला आणि विचारलं, "माय, चाय हाय का काढा?"

"पी गुमान. अंग दुखत नाई का तुहं?"

तो गुमान प्याला आणि त्यानं पुन्हा कप पुढं केला. त्या रात्री आत्यानं नदीची मरळ रांधली. हे खाली मान घालून जेवत होते. "मीठ कमी हाय का रे?" तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले, म्हणाले, "धूर हाय."

"आता कुठी हाय इथी धूर?" आत्या म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

पुढं आमच्या ओळीत घरोघरी ओटे झाले. प्रत्येक बाई आत्याकडून सुतळीनं माप घेऊन जायची. ठेंगणीचा ठेंगणा, उंच बाईचा उंच. आत्या म्हणायची, "बाईनं चुलीसाठी वाकू नये, चुलीनंच वर यावं."

दिवाळीनंतर धाकटा दीर नव्या धानासाठी तिला गावी घेऊन गेला. जाताना म्हणाली, "माह्या घरी जाऊन येतो." मला वाटलं, आता ती कशाची परत येते. पंधरा दिवसांनी स्टेशनावर उतरली ती नव्या तांदळाची टोपली घेऊन. मी पाया पडले, गावचं विचारू लागले. तिनं टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि माझ्या पुढं चालू लागली.

"वाटेत सांगतो समदं. घरी चाल लवकर, मंडळी येऊन बसली असन."

त्या दिवसापासून मलाही कुणी घर विचारलं की मी आधी चांद्याचंच सांगते.