दार बसेपर्यंत चहा नाही

गाडीचा चेंदामेंदा बघून ज्याच्या चेहऱ्यावर माया दाटून येते, असा माणूस मी जन्मात एकच पाहिला. माझ्या खोलीला लागून असलेल्या, मी जिथं दोन वेळा चहा पोचवते त्या गॅरेजातले, दुरुस्तीचा खर्च काढणारे इस्टिमेटवाले मामा. मोहोळच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीवर आदळून एखादी गाडी येते, मालक रडकुंडीला आलेला असतो, आणि मामा त्याला ओलांडून सरळ गाडीपाशी जातात. पोचा पडलेल्या पत्र्यावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "कुटं कुटं लागलंय बघू." मालकाला वाटतं आपल्यालाच विचारलं. तो बिचारा कोपर दाखवायला लागतो.

रस्त्यात उभी असलेली परकी गाडीसुद्धा त्यांच्या हातातून सुटत नाही. एकदा मी नवी पेठेत चहाची गाळणी घ्यायला गेले, तर सोनाराच्या दुकानापुढं मामा एका पांढऱ्या गाडीचं दार गोंजारत उभे. मालक धावत बाहेर आला. मामा म्हणाले, "डावं दार एकदा बदललंय तुमचं." तो म्हणाला, "गाडी कालच घेतलीय, एक ओरखडा नाही म्हणून सांगून दिली मला." आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण काम लई चांगलं केलंय हो," म्हणाले. हे ऐकून त्याला बरं वाटेल, अशी त्यांची खरोखर समजूत होती.

मामांचं वैर एकाशीच, गॅरेजातल्या कॉम्प्युटरशी. त्यात गाडीचं नाव घातलं की कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते येतं, आणि विमावाले तेवढंच धरतात. एका छोट्या गाडीच्या मागच्या दाराचा वेळ त्यात चुकीचा होता. नवीन दार बसवायचं तर जुन्या दारातली काच, कुलूप, वायरी काढून नव्यात घालाव्या लागतात. कॉम्प्युटरनं ते धरलंच नव्हतं. "मग काच काय आपल्या पायानं चालत जाती का?" मामा पडद्याला विचारायचे. चूक दिसली तर कळवा, असं त्यातच एका कोपऱ्यात होतं म्हणे. मामांनी कळवलं. फोटो पाठवले, कामाचा वेळ पाठवला, आणि रोज उत्तराची वाट बघू लागले. गॅरेजातले लोक हसायचे. "मामा, तुमचं स्थळ कुठं जमतंय का?" असं मालकही विचारायचा.

शेवटी त्या कॉम्प्युटरवाल्या कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. एका दाराला एवढा वेळ कसा लागला, असं तिनं विचारलं. मामा सरळ म्हणाले, "मधी चहा झाला की." ती म्हणाली, चहा धरायचा नसतो, पुन्हा मोजून पाठवा. मामा दिवसभर फुगून बसले. "चहा सोडून दार कसं निघंल? आमच्यात तर चहा बी त्या कामातच येतो." पण संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "अक्का, ती पोरगी बरोबर बोलली. आता मागचं दार आलं की ते बसेपर्यंत चहा आणू नका."

पत्रा ठोकणाऱ्या रशीदभाईंनी कुरकुर केली, "चाय बिगर हात नै चलता मामा." मामा म्हणाले, "आज चालव. एकदा त्या कॉम्प्युटरला खरं कळू दे, मग बादलीभर पी."

त्या मुलीनं बऱ्याच गाड्यांचा वेळ मागितला होता, त्यामुळं हे महिनाभर चाललं. माझ्या दिवसात माणसं दोनच वेळा यायची, सकाळच्या चहाला आणि दुपारच्या चहाला. मी किटली घेऊन जायची, कोणी साखर जास्त झाली म्हणायचं, कोणी कमी. मी फारसं बोलत नाही, पण तेवढं ऐकून घरी आले की भांडी घासताना पुरायचं. ज्या दिवशी मागचं दार यायचं, त्या दिवशी मी एकटीचाच कपभर चहा ठेवायची. पलीकडून ठोकल्याचा आवाज यायचा. तो थांबला की वाटायचं, आता हाक येईल. पण दुसरा हातोडा सुरू व्हायचा. तरी मी मनात म्हणायची, मामांचं एकदा ऐकलं जावं.

आणि ऐकलं गेलं. उन्हं उतरली होती, गॅरेज बंद झालं होतं. मामा माझ्या दारात आले. "अक्का, बदलला की त्यानं वेळ. काच धरली, वायरी धरल्या, समदं धरलं."

"गॅरेजात सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. बरं झालं म्हणाले आन् गेले घरला."

मामींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मामा चप्पल न काढता उंबऱ्यापाशी घुटमळले. "आता कुठल्याबी गावात ते दार खोललं तर आपलाच वेळ निघंल," म्हणाले. मग म्हणाले, "आपलं नाव नसतंय त्यात. ते काय लागत न्हाय म्हणा. घरी गेल्यावर कुणाला तरी सांगावं वाटतंय, एवढंच."

मी स्टूल पुढं केलं आणि म्हटलं, "मला पहिल्यापासून सांगा."

मामांनी चप्पल काढली, बसले आणि त्या दाराच्या पहिल्या स्क्रूपासून सुरू झाले. मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. एक स्क्रू झाला की मी विचारायची, "मग?"