दुपारच्या गस्तीवर

माझा स्वभाव संशयी आहे आणि तीस वर्षं मला त्याचाच पगार मिळाला. रेल्वेच्या ऑफिसात मी हरवलेल्या पार्सलांचे दावे तपासायचे. माणूस रडवेल्या तोंडाने सांगायचा की पेटीत बारा साड्या होत्या, आणि मी विचारायचे, मग पेटीचं वजन चार साड्यांचं कसं? निवृत्त झाल्यावर या सवयीला घरात काही काम उरलं नाही. म्हणून आमच्या कॉलनीत भरदुपारी एक घर फुटलं आणि गस्तीची गोष्ट निघाली, तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला.

कॉलनी तारनाक्याला, मेन रोडपासून बरीच आत. तीनच गल्ल्या. रात्री वॉचमन असतो, पण दुपारी एक ते चार कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. चोर मागच्या भिंतीवरून आला, कपाट रिकामं करून पुढच्या दाराने गेला, आणि शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. तो सापडला नाही. आजवर नाही.

मीटिंगमध्ये पुढाकार घेतला तो आमच्याच गल्लीच्या टोकाला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थाने. पंचावन्नच्या आसपास वय, आबिड्सला दुकान, घरात बायको आणि म्हातारी आई. मूळचे उदगीरकडचे, म्हणजे या तेलुगू शहरात आमच्यासारखेच मराठी. "अपनी गल्ली को अपन नै देखे तो कौन देखेगा?" असं ते म्हणाले आणि सगळ्यांना पटलं. त्यांनी शिट्ट्या आणल्या, फोनवर ग्रुप काढला, जोड्या ठरवल्या. आपला माणूस पुढे आहे, याचं मला कौतुकच वाटलं.

माझ्या जोडीला शेजारच्या तेलुगू बाई होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना टीचरम्मा म्हणतात. छत्री घेऊन आम्ही दोघी दुपारभर गल्लीतून फिरायचो. पहिल्या आठवड्यात गंमत वाटली. मग हळूहळू आमची नजर बदलत गेली. कुरिअरवाला दोनदा पत्ता विचारतो, तो का? भंगारवाला आज सायकल हातात धरून चालतो, ती का? रोज ज्याच्याकडून कोथिंबीर घेते त्या भाजीवाल्याच्या टोपलीतही मी वाकून बघायला लागले. घरी आल्यावर स्वतःची कडी दोनदा तपासायची.

आणि मग तो माणूस दिसायला लागला.

पन्नाशीचा, काटकुळा, खांद्याला कापडी पिशवी. तीनच्या सुमाराला गल्लीत यायचा, टोकापर्यंत सावकाश चालत जायचा, आणि परत फिरायचा. कुणाच्या घरी जायचा नाही. वर बघायचा. मी टीचरम्मांना म्हटलं, हा घरं बघतोय. त्या म्हणाल्या, असेल बाई, पण चालण्यावर बंदी नाही. तिसऱ्या दिवशी तो टोकाच्या घराच्या कंपाउंडपाशी वाकला, खालून काहीतरी उचललं आणि पिशवीत टाकलं. मी लांबून फोटो काढला. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की रोज याच वेळेला येतो, काहीतरी उचलतो.

दहा मिनिटांत वीस उत्तरं आली. कुणी म्हणालं, भिंतीवर खुणा करणारे असेच असतात. कुणी म्हणालं, हा मागेही दिसला होता. पुढाकार घेणाऱ्या त्या गृहस्थांचंही उत्तर आलं, "नया आदमी है. नजर रखो. आया तो पकडो." मला बरं वाटलं. आपलं काम कुणीतरी गंभीरपणे घेतंय, असं.

पुढच्या बुधवारी त्याला पकडलं. मीच खूण केली. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या मोटरची खोली आहे, तिथे चार-पाच जणांनी त्याला अडवलं. कुणाकडे चाललास, विचारलं. तो म्हणाला, एकाला भेटायचंय. कुणाला? नाव सांग म्हटलं तर त्याने पिशवी पोटाशी धरली. मग कुणीतरी त्याची पिशवी ओढून उलटी केली. पाण्याची बाटली, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, कपडे वाळत घालायचे पाच-सहा चिमटे, आणि घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.

चिमटे बघून सगळे चक्रावले. चिठ्ठ्या मराठीत होत्या. जमलेल्यांत मराठी घरातले आणखी दोघे होते, पण वाचता येत नव्हतं; त्यांची शाळा इंग्लिश. चिठ्ठी माझ्या हातात आली. अक्षर थरथरतं, पेन्सिलचं. मी मोठ्याने वाचून लगेच हिंदीत सांगत गेले: "उद्या बुधवार. दोघं बाहीर. तीन ते साडेचार. खालचं गेट उघडं राहतंय. वर ये."

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. एकाने त्याची कॉलर धरली. एकजण फोन काढून पोलिसांचा नंबर लावायला लागला. घरातली कामवाली मिळालेली असणार, असंही कुणी म्हणालं. गृहस्थांना आधीच फोन गेला होता आणि ते निघाले होते. मला आठवतंय, त्या क्षणी माझी छाती अभिमानाने फुगली होती. दावा खोटा आहे हे सिद्ध झाल्यावर ऑफिसात फुगायची, तशी.

मग मी चिठ्ठी उलटली. मागे आणखी दोन ओळी होत्या. "गोळ्या वेळेवर घे. लई वाळलास."

मी थांबले. तो माझ्याकडे बघत होता. आठवडाभर मी त्याच्यावर नजर ठेवून होते आणि त्याचा आवाज आज पहिल्यांदा ऐकत होते. हळू आवाजात, मराठीत, तो म्हणाला, "ताई, पुढचं वाचू नका."

तेवढ्यात गाडी येऊन थांबली. गृहस्थ उतरले, मागे त्यांची बायको. "कौन है ये? पुलिस को दे दो," ते म्हणाले. आणि इथे माझी जुनी सवय जागी झाली. अनोळखी माणूस पकडला गेला की बघणारा आधी त्याच्या तोंडाकडे बघतो. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत होते. हात पुढे करून म्हणाले, "आणा ती इकडे, मी वाचतो."

मी चिठ्ठी मुठीत धरली. दोघांची कपाळं सारखी होती, भुवया सारख्या होत्या. इतके दिवस हे मला दिसलं कसं नाही?

"भाऊ, हा तुमचा कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही," ते म्हणाले.

कॉलर धरलेला माणूस खाली बघत म्हणाला, "खरं आहे. कुणी नाही."

वाचू नका असं त्याने का म्हटलं, ते मला कळलं होतं: चिठ्ठी लिहिणारी वरची म्हातारी आई उघडी पडली असती. पण गप्प राहिले असते तर तो पोलिसांच्या गाडीत बसला असता. मी हिंदीत सगळ्यांना सांगितलं की सोडा यांना, हे आईला भेटायला आले आहेत. बस्स, तेवढंच बोलले. कॉलर सुटली. पिशवीतलं सामान टीचरम्मांनी वाकून गोळा केलं. बाकीचे एकेक करून घरी गेले. माफी कुणी मागितली नाही, मीही नाही.

मी त्याच्या मागोमाग बस स्टॉपपर्यंत गेले. तिथे त्याने सांगितलं. तो काचीगुड्याला राहतो, छापखान्यात काम करतो. गावाकडच्या शेतावरून दोघा भावांचं बिनसलं, आणि थोरल्याने सांगितलं की या घरात पाऊल टाकायचं नाही. आईला फोन करायची सोय नव्हती, फोन सुनेच्या हातात. म्हणून ती दुपारी तीनला बाल्कनीत येऊन उभी राहायची, आणि हा खालून चालत जायचा. चिठ्ठी वाऱ्याने उडू नये म्हणून ती चिमटा लावून टाकायची. त्या बुधवारी तो दोन वर्षांत पहिल्यांदा वर जाणार होता.

"वाचलं नसतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. रागाने नाही.

घरी येऊन मी ग्रुप उघडला. माझा फोटो स्वच्छ आला होता, त्यात तोंड ओळखू येत होतं. आणि त्याखाली ते उत्तर. नया आदमी है. सख्ख्या भावाला ओळखून त्यांनी ते लिहिलं होतं. घर राखायला सगळ्यात पुढे तेच का होते, हे मग मी वेगळ्या तऱ्हेने बघायला लागले. भाऊ येतो हे त्यांना आधीच कळलं होतं का? दुपारची वेळ कुणी सुचवली होती? मीटिंगमधला शब्द न् शब्द आठवून बघितला. घर तर खरंच फुटलं होतं, आणि चोर दुपारीच आला होता. तरी संशय मनातून जात नाही.

चार दिवसांत त्यांच्या बाल्कनीला हिरवी जाळी लागली. कबुतरांसाठी, असं ग्रुपवर कळवलं. मी एकदा त्यांच्या आईला, काकूंना, भेटायला वर गेले. सुनेने साखळी न काढता फटीतून सांगितलं की त्या झोपल्यात.

मार्ग टीचरम्मांनी काढला. पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर, शाळेत बोलावं तशा ठणठणीत आवाजात त्या म्हणाल्या की दुपारी घरात एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी हेही गस्तीचंच काम आहे, आणि आम्ही दोघी दर बुधवारी या घरच्या अम्माला मंदिरात नेऊन आणू. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी गस्त उभी केली त्यांना नाही म्हणता येईना.

काकू जिना उतरताना माझा दंड घट्ट धरतात. मंदिर शंभर पावलांवर आहे. माझ्या निरोपावरून धाकटा आधीच येऊन बसलेला असतो. अर्धा तास दोघं शेजारी शेजारी बसतात. बहुतेक वेळ त्याच बोलतात, जेवणाबद्दल, गोळ्यांबद्दल. आम्ही दोघी दाराशी बसून रस्त्यावर नजर ठेवतो. थोरल्यांना हे ठाऊक आहे की नाही, कळत नाही. आम्ही परतलो की ते घड्याळात बघतात आणि "लवकर आलात" किंवा "उशीर झाला" एवढंच म्हणतात. गेटवर त्यांनी नवीन कॅमेरा लावलाय, त्याचं तोंड मंदिराच्या बाजूला आहे.

मागच्या बुधवारी टीचरम्मांनी मला कोपराने ढोसलं. रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर थोरले उभे होते. आत आले नाहीत, हाकही मारली नाही. काकूंचं बोलणं चालू होतं. मी उठून त्यांच्याकडे बघत राहिले, तेही माझ्याकडे बघत होते. मग पायरी उतरून ते घराकडे चालू लागले.

आईला बघायला आले होते, भावाला, की आम्हाला, हे मला सांगता येत नाही. त्या संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा रोजचा संदेश आला, उद्याच्या गस्तीला कोण कोण आहे ते कळवा म्हणून. मी माझं नाव कळवलं.