गणपती सगळ्यात शेवटी

"ताई, आमचा गणपती कुठं हाय?"

काशिनाथ जिना चढून आला तो हेच विचारत. जव्हारच्या एसटी डेपोजवळ एका खोलीत आमचं ऑनलाइन मासिक चालतं. मी संपादक, नितीन वेबसाइट सांभाळतो. सुरुवातीला फक्त शहराचंच द्यायचो: रस्त्यांची कामं, शाळा, बाजार. मग शेजारच्या मोखाड्याचे वाचक विचारू लागले, आम्ही तुमचं काय घोडं मारलंय? म्हणून मोखाड्याचं पान सुरू केलं आणि त्यात यंदा तिथल्या एका गावचा बोहाडा घेतला.

बोहाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचायचा उत्सव. मुखवटा घातलेल्याला सोंग म्हणतात, आणि प्रत्येक सोंगाचा मान ठरावीक घराचा. गणपतीचा मान काशिनाथच्या घराचा. आम्ही सगळ्या सोंगांचे व्हिडिओ टाकले होते. पान झकास दिसत होतं आणि मी स्वतःवर खूश होते.

"गणपती आहे की," मी म्हटलं. "खाली जा."

"किती खाली?"

मी जाऊन पाहिलं. वेबसाइटचा नियम असा की नवीन ते वर. बोहाड्यात गणपती आधी निघतो, जगदंबा शेवटी. आमच्या पानावर जगदंबा सगळ्यात वर होती, आणि गणपती तळाला, 'आणखी पाहा' या बटणाच्याही पलीकडे.

"दिसला ना आता?" नितीन म्हणाला.

"मला दिसून काय करायचंय? नाचलो तर मीच."

मग त्याने नीट सांगितलं. वडील गेल्या वर्षी वारले. यंदा सोंग त्याने पहिल्यांदा उचललं. थोरला भाऊ भिवंडीकडे वीटभट्टीवर, त्याला येता आलं नाही. भट्टीवर कामाला गेलेली गावची सगळी माणसं एका फोनभोवती बसली. जगदंबा दिसली, गणपती दिसेना. घराण्याचा मान गेला, असं सगळ्यांनी धरलं.

"भाऊ धड बोलंना झालाय माझ्याशी. म्हणतो, बा गेला न तू सोंग खाली ठेवलंस."

"त्यांना बटण दाबायला सांगायचं," नितीन म्हणाला.

"सांगितलं. तो म्हणतो, गणपती कधी शेवटी असतो का?"

नितीन वेबसाइटच्या सेटिंग्ज धुंडाळू लागला. मी तर कानकोंडी झाले.

क्रम बदलायची सोय आमच्या स्वस्तातल्या वेबसाइटला नव्हती. शेवटी नितीनने सगळे व्हिडिओ काढले आणि उलटे चढवायला घेतले. आधी जगदंबा, सरतेशेवटी गणपती, म्हणजे तो आपोआप वर येणार. दुपार त्यातच गेली. काशिनाथने मोखाड्याची गाडी सोडून दिली, पण खुर्ची सोडली नाही.

मग त्याने भावाला फोन लावला, स्पीकरवर. "आता उघड. वरच हाय."

पलीकडून काही वेळ नुसता संबळ ऐकू आला. मग भाऊ म्हणाला, "पाय बाच्यावानीच टाकतोस रं."

काशिनाथने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. नितीन उगाचच वायर गुंडाळत बसला होता.

आता कुठल्याही गावचा बोहाडा पुरा झाल्याशिवाय आम्ही काहीच टाकत नाही, आणि टाकतो ते उलट्या बाजूने. तोवर इतरांचे व्हिडिओ गावभर फिरलेले असतात. आपण मागे पडतो, असं नितीन कुरकुरतो. पडू दे. एखादी गोष्ट आपण पानावर दिली, एवढ्याने ती दिली असं होत नाही. भिवंडीच्या भट्टीवर ती दिसली, की दिली.